शहाजोग : आजीची शिवी की पणजोबांचा कागद?

नानापेठी (धागाकर्ता), रविवार रात्री ९:४०

मंडळी, गेले आठ दिवस एका शब्दाने डोकं खाल्लंय, म्हणून हा धागा.

आमचं नाना पेठेतलं जुनं घर पाडायला काढलंय (पुनर्विकास, दुसरं काय). माळ्यावरची पत्र्याची ट्रंक उतरवली. आत पणजोबांच्या लाल कापडी बांधणीच्या वह्या, तराजूचं एकच पितळी पारडं आणि एका वहीत दडपून ठेवलेला एक कागद. पणजोबांचा गूळ-भुसाराचा धंदा होता. आजोबांनी तो गुंडाळून नोकरी धरली, त्यामुळे घरात आता कुणालाच यातलं ओ की ठो कळत नाही. कागद मोडीत आहे. कोपऱ्यात पंचम जॉर्जचं डोकं असलेलं एक आण्याचं तिकीट. मोडीच्या वर्गाला जाणाऱ्या मित्राने जमेल तेवढं उतरवून दिलं. नावं मी मुद्दाम गाळली आहेत:

"श्री. पुणे शुभस्थान भाई ... योग्य, श्री मुंबईहून लिखितं ... यांचा जयगोपाळ वाचावा. विशेष. हुंडी १ रुपये ४०० अक्षरी चारशे, निमे रुपये दोनशे यांची दुप्पट पुरे, येथे ठेविले भाई ... मिती श्रावण शुद्ध ७ शके १८४१. पोहोचतांच शाहाजोग रुपये चलनी, ठिकाण चौकस करून देणे."

ही हुंडी आहे एवढं मित्राने सांगितलं. इथवर ठीक. घोडं अडलंय ते 'शाहाजोग'पाशी.

आमच्या घरात हा शब्द रोजच्या वापरातला. बिस्किटाचा पुडा संपवून रिकामा कागद पुन्हा होता तसा डब्यात ठेवला की आजी म्हणायची, "बघा, कसा शहाजोगासारखा बसलाय!" म्हणजे करून सवरून नामानिराळा. मग पणजोबा काय, ढोंगी माणूस बघून त्याला चारशे रुपये द्या म्हणतायत? माझा अंदाज असा की पणजोबांनी मुंबईच्या कुणाकडून पैसे मागवले आणि त्याचा हा कागद. चुकत असेन तर कान धरा.

साखरझोप

हुंडी म्हणजे तिरुपतीला असते ती ना? दानपेटी?

गुलटेकडी

@साखरझोप, ती वेगळी. ही व्यापारातली. म्हणजे एका गावच्या पेढीने दुसऱ्या गावच्या पेढीला लिहिलेला हुकूम, की हा कागद घेऊन येणाऱ्याला इतके रुपये द्या, हिशेब आपला आपण बघू. बाकी धागाकर्त्यांना सांगतो, मार्केट यार्डात माझी गाळ्यावर तिसरी पिढी. पट्टी, कडता, तोलाई, वाराई काय वाट्टेल ते विचारा. पण 'शहाजोग' हा शब्द मी गाळ्यावर कधी ऐकला नाही. वडिलांना फोन लावला. ते म्हणाले, भवानी पेठेत बाजार होता तेव्हा म्हातारी माणसं हुंडीच्या गोष्टी सांगायची, पण त्यांच्या हयातीत सगळं चेकवर आलं होतं. आता तर चेकही कुणी घेत नाही, मोबाईलवर टिंग वाजली की पोतं उचल.

पॉपकॉर्न

खुर्ची पकडली.

कोशातली पाल

शब्द छान काढलात. दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश घरात असला तर उघडून बघा (तो पुण्यातच, १९३२ ते १९३८ दरम्यान खंडाखंडाने निघाला). आज आपल्याला शहाजोग म्हटलं की साळसूद, भोळेपणाचं सोंग घेतलेला, एवढंच आठवतं. मूळ अर्थ त्याच्या नेमका उलट आहे. प्रतिष्ठित, भला, पत असलेला. म्हणजे आजी नातवाला खरं तर 'प्रतिष्ठित गृहस्थ' म्हणत होत्या. उपरोधाने, अर्थात.

मोडीवाला

थांबा थांबा. अर्थाकडे जाण्याआधी धागाकर्त्यांची एक चूक दुरुस्त करू द्या, नाहीतर पुढचं सगळं उलटं वाचलं जाईल.

हुंडीत पहिलं गाव येतं ते ज्याने पैसे द्यायचे त्याचं. "पुणे शुभस्थान भाई अमुक" हे तुमचे पणजोबा. "मुंबईहून लिखितं" हा लिहिणारा. म्हणजे पणजोबांनी पैसे मागवलेले नाहीत. मुंबईच्या पेढीने पणजोबांना सांगितलंय की द्या. आणि "येथे ठेविले भाई अमुक" म्हणजे ज्याने मुंबईत चारशे रुपये भरले आणि पुण्यात हवेत असं सांगितलं, तो. त्याला हिंदी-गुजराती पेढ्यांत 'राख्या' म्हणतात.

मित्राने वाचन चांगलं केलंय. 'निमे रुपये दोनशे यांची दुप्पट पुरे' ही ओळ बघून मला भरून आलं. रक्कम आकड्यात, मग अक्षरात, मग तिचं अर्धं, मग अर्ध्याची दुप्पट. चारशेच्या पुढे कुणी एक शून्य वाढवला तर अक्षर खोटं पडणार. अक्षरात खाडाखोड केली तर निमे जुळणार नाहीत. चार कुलपं लावली आहेत एका ओळीला. तुम्ही-आम्ही चेकवर 'फक्त' लिहून रेघ ओढतो, ते याच्यापुढे पोरखेळ.

साखरझोप

एक बावळट प्रश्न. शके १८४१ म्हणजे १९१९. तेव्हा रेल्वे होती. मनीऑर्डरही होती ना? मग हा उद्योग कशाला?

मोडीवाला

बावळट अजिबात नाही. टपालाची मनीऑर्डर १८८०पासून होती, बोरघाटातून गाडी १८६३पासून. पण मनीऑर्डरला रोकड आधी मोजावी लागते, कमिशन द्यावं लागतं आणि रकमेला मर्यादा असते. हुंडीत बहुतेक वेळा रोकड हलतच नाही. पणजोबांचा गूळ मुंबईला जात असणार, मुंबईच्या पेढीशी त्यांचं खातं असणार. त्यांनी पुण्यात चारशे दिले की मुंबईच्या खात्यात चारशे त्यांच्या नावे जमा. कागद गेला, पैसा जागच्या जागी.

आणि चांदी वाहून नेणं ही काय गंमत नव्हती. एक रुपया म्हणजे एक तोळा. ऐंशी तोळ्यांचा शेर. चारशे रुपये म्हणजे बरोबर पाच शेर वजन! तुमच्या ट्रंकेतल्या त्या पितळी पारड्यात घालून बघा.

नानापेठी

अरे देवा. म्हणजे मी पणजोबांना देणेकरी समजत होतो, ते तर बँक निघाले. बाबांना सांगितलं तर त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. आता शाहाजोग.

निवृत्त रोखपाल

आता माझ्या प्रांतात आलात.

मी चौतीस वर्षं काउंटरच्या आतल्या बाजूला काढली. त्यामुळे हुंडी पाहिली नाही तरी हुंडीचे नातेवाईक रोज पाहिले. हुंडी दोन पद्धतीने पडते. पैसे कधी द्यायचे यावरून दर्शनी (दाखवल्याबरोबर) आणि मुदती (ठरलेल्या दिवसांनी). तुमची 'पोहोचतांच' आहे, म्हणजे दर्शनी. दुसरी पद्धत पैसे कुणाला द्यायचे यावरून. धनीजोग म्हणजे हुंडीच्या धन्याला. नामजोग म्हणजे नाव लिहिलंय त्यालाच. फरमानजोग म्हणजे तो सांगेल त्याला. आणि शाहजोग म्हणजे शाहला. 'जोखमी' म्हणून आणखी एक भन्नाट प्रकार आहे. माल जहाजाने निघालाय, माल पोहोचला तर पैसे द्यायचे, बुडाला तर हुंडीही बुडाली. म्हणजे हुंडीच्या पोटात विमा. पण ते राहू द्या.

शाह कोण? बाजारात ज्याची पेढी आहे, नाव आहे, ज्याला चार जण ओळखतात असा व्यापारी. समजा मुंबईत चारशे भरणारा माणूस स्वतः पुण्यात येतो किंवा हुंडी मेहुण्याला पाठवतो. मेहुणा नाना पेठेत तुमच्या पणजोबांपुढे उभा. पणजोबा त्याला ओळखत नाहीत. हुंडी चोरीची असली तर? मेहुणा पैसे घेऊन सातारच्या गाडीत बसला तर? म्हणून मेहुण्याला पैसे मिळतच नाहीत. त्याने आपल्या ओळखीचा एखादा शाह गाठायचा, हुंडी त्याच्या हाती द्यायची, आणि शाहने ती पणजोबांकडे आणायची. पैसे शाहच्या हातात. मेहुण्याने ते शाहकडून घ्यायचे.

आता सांगा, हे कशासारखं झालं? डाव्या कोपऱ्यात दोन तिरक्या रेघा मारलेला चेक! क्रॉस चेक घेऊन काउंटरवर आलात तर मी पैसे देत नव्हतो, खात्यात भरा म्हणत होतो. लोक भांडायचे. "पैसे माझे, चेक माझा, मध्ये बँक कशाला?" कारण उद्या काही भानगड निघाली तर मला तुम्ही सापडाल न सापडाल, तुमची बँक नक्की सापडेल. शाह म्हणजे ती मधली बँक.

पॉपकॉर्न

काका, हे शाळेत असं शिकवलं असतं तर मी कॉमर्स सोडलं नसतं.

गुलटेकडी

काकांचं पटलं. आणि यार्डात हा प्रकार नाव न घेता अजून आहे. परगावचा नवा खरेदीदार आला, उधारीवर माल मागू लागला, तर आम्ही विचारतो, "इथे कुणाला ओळखता?" त्याने एखाद्या गाळेवाल्याचं नाव घेतलं की त्या गाळेवाल्याला फोन. तो "देऊन टाक, मी आहे" म्हणाला की पोती सुटतात. पार्टी पळाली तर मी पार्टीच्या मागे जात नाही. त्या गाळेवाल्याच्या दारात जाऊन बसतो. एकदा बसलोय. तीन दिवस. चहा त्याचाच.

वकीलीण

गुलटेकडी दादांनी कायदाच सांगितला की!

हुंडीची गंमत अशी की १८८१चा परक्राम्य संलेख कायदा (तोच, ज्यात पुढे चेक न वटल्याचं १३८ कलम आलं) पहिल्याच कलमात म्हणतो की देशी भाषांतल्या कागदांच्या स्थानिक रूढींना हा कायदा हात लावत नाही. त्यामुळे शाहजोग म्हणजे काय, हे कलमात लिहिलेलं नाही. खटले उभे राहिले की न्यायालयं व्यापाऱ्यांना साक्षीला बोलावून रूढी काय ते विचारत आणि त्यावर निकाल देत. त्यातून जे उभं राहिलं ते असं: शाहजोग हुंडी सही-बिही न करता हातोहात फिरू शकते, शाहच्या हाती येईपर्यंत. शाहने ती घेताना चौकशी करायची. पैसे देणाऱ्यानेही समोरचा खरोखर शाह आहे ना एवढं बघायचं. आणि हुंडी पुढे चोरीची किंवा बनावट निघाली तर शाहने पैसे व्याजासकट परत करायचे, नाहीतर ज्याच्याकडून हुंडी आली त्याला आणून उभं करायचं.

इथे आपली बँक आणि शाह वेगळे पडतात. आजच्या बँकेने सद्भावनेने, हलगर्जीपणा न करता गिऱ्हाइकाचा क्रॉस चेक वसूल केला आणि तो चोरीचा निघाला, तर कलम १३१ तिला वाचवतं. शाहला असं कवच नव्हतं. "मी आपला भोळेपणाने घेतला हो" म्हणून त्याची सुटका नव्हती.

नानापेठी

म्हणजे शहाजोगाला शहाजोगपणा करता येत नव्हता!

वकीलीण

हे वाक्य मी उद्या कोर्टात वापरणार. श्रेय देणार नाही.

कोशातली पाल

वकीलीणताईंच्या प्रतिसादाने माझ्या डोक्यातली एक गाठ सुटली. शाह म्हणजे प्रामाणिक माणूस, असं आपण धरून चाललो होतो. पण वर सगळे जे सांगतायत त्यात प्रामाणिकपणा कुठेच नाही. शाहचं मन कसं आहे याच्याशी पणजोबांना देणंघेणं नव्हतं. तो उद्या कापडगंजात दुकान उघडून बसलेला असेल ना, एवढंच बघायचं होतं. सापडणारा माणूस, भला असो नसो.

मग याच शब्दाचा पुढे 'भलेपणाचं सोंग करणारा' झाला तर त्यात फार नवल नाही. दुकान, पगडी, ओटीवरची बैठक, ही बाहेरची खूण. आतलं कुणी तपासलंच नव्हतं.

इराणी चहा

शाह हा फारसी शब्द. बादशाह, शहेनशाह. व्यापाऱ्यांचा राजा तो शाह. यात एवढं काय शोधायचं?

कोशातली पाल

तसं दिसतं खरं, पण नाही. फारसी शाह राजाला लागतो, वाण्याला नाही. हा शाह आला संस्कृत 'साधु'वरून. साधु, साहु, साह, शाह. गुजरातेत आडनाव शाह, उत्तरेत साहू, बंगालात साहा. मराठीत तोच 'साव' झाला. चोर की साव म्हणतो ना, तो. सावकार त्याच घरातला.

आणि साधु म्हणजे वाणी हे पटत नसेल तर पुढच्या पौर्णिमेला सत्यनारायणाला जाऊन बसा. साधुवाण्याची कथा ऐकलीच असेल. तो साधु गोसावी नव्हे, व्यापारी आहे. नौका भरून माल घेऊन येतो. संन्यासी विचारतो, नौकेत काय आहे? तर हा म्हणतो, काही नाही महाराज, वेली नि पानं. पोटात द्रव्य, तोंडावर निरागस भाव! आपल्या वाङ्मयातला पहिला शहाजोग तोच म्हणायला हरकत नाही. (ही गंमत, व्युत्पत्ती नव्हे. नाहीतर उद्या कुणीतरी फॉरवर्ड करेल.)

साखरझोप

लहानपणापासून प्रसादाच्या शिऱ्याकडे लक्ष ठेवून ही कथा ऐकतेय, हे कधी डोक्यात आलं नाही. आणि 'जोग'? योग? जोगी? मला वाटायचं शहाणा अधिक जोगा.

कोशातली पाल

योग्य. करण्याजोगा, पाहण्याजोगा, तोच जोगा. शाहला योग्य.

रविवारपेठी बेन

वाचत होते नुसती, पण आता बोलावं लागतंय. आम्ही गुजराती, चार पिढ्या पुण्यात. घरात गुजराती, दारात मराठी.

पालताई, 'जोग'चा तुम्ही सांगितलेला अर्थ चूक नाही, पण हुंडीतला जोग तो नव्हे असं मला वाटतं. गुजरातीत पत्राच्या मायन्यात नावापुढे 'जोग' लिहितात. म्हणजे 'यांस'. गुजराती पेपरात सूचना येते तिचा मथळा 'जाहेर जनता जोग' असतो. जनतेला योग्य असा नव्हे, जनतेस. तुमच्या कागदातही सुरुवातीला 'भाई अमुक योग्य' आहे बघा. ते पणजोबांच्या योग्यतेचं सर्टिफिकेट नाही. 'भाई अमुक यांस' एवढंच. आमचा 'जोग' मराठी कारकुनाने शुद्ध करून 'योग्य' केलाय!

म्हणजे शाहजोग रुपये म्हणजे शाहला द्यायचे रुपये. धनीजोग म्हणजे धन्याला. सरळ आहे.

मोडीवाला

बेन, साष्टांग दंडवत. 'योग्य'कडे मी तीनदा बघून पुढे गेलो होतो. मराठी पत्रांत 'यांसी' दिसतं, हे इथे 'योग्य' कुठून आलं असं वाटलं आणि सोडून दिलं.

कोशातली पाल

बेनचं म्हणणं धरलं तर सगळं जुळतं. हा माझा तर्क आहे, कुठे छापलेला नाही. हुंडीच्या भाषेत शाहजोग हे पैशांचं विशेषण. शाहला द्यायचे रुपये. शब्द पेढीवरून मराठी घरात आला. मराठी कानाला 'जोग' म्हटलं की करण्याजोगा, पाहण्याजोगा ऐकू येणार. म्हणून शाहजोग म्हणजे शाह म्हणवण्याजोगा, असा तो माणसाला चिकटला. प्रतिष्ठित गृहस्थ. मग बायकांच्या तोंडी जाऊन तिरकस झाला. पैशाचा माणूस, माणसाचा सोंगाड्या.

'साव'ची गतही तीच झाली बघा. सरळ अर्थाने साव कोण म्हणतं आता? सावपणाचा आव आणलाय, असंच ऐकू येतं.

इराणी चहा

मान्य. फारसी मागे घेतो. चहा मात्र इराणीच.

गुलटेकडी

अवांतर: हुंडीच्या संदर्भात 'खोका' हा शब्द ऐकलाय का कुणी? वडील म्हणाले, वटलेल्या हुंडीला खोका म्हणायचे. आता राजकारणात खोके ऐकतो तो हाच का?

निवृत्त रोखपाल

वडिलांचं बरोबर. पैसे देऊन झालेली, रद्द झालेली हुंडी म्हणजे खोका किंवा खोखा. पैसे देणाराच ती पुरावा म्हणून ठेवून घेतो. हुंडी हरवली तर दुसरी प्रत लिहून देत, ती 'पेठ'. तीही हरवली तर 'परपेठ'. लोक किती वेंधळे असतील याचा अंदाज पेढीवाल्यांना पुरेपूर होता. राजकारणातल्या खोक्याचा याच्याशी संबंध जोडू नका. पेटी म्हणजे लाख, खोका म्हणजे कोटी, ही पैसे भरायच्या डब्यांची भाषा. दोन्ही शब्द एकसारखे दिसतात म्हणून भाऊ ठरत नाहीत. वरच्या शाहसारखंच.

बाय द वे, आता हुंडी म्हटलं की लोकांना हवाला आठवतो. त्याला कारणही आहे. काळा पैसा हुंडीवर उसना घेतला म्हणून दाखवायचे. म्हणून १९६१च्या आयकर कायद्यात ६९ड कलम घातलं गेलं. हुंडीवर उसने घेतलेले किंवा फेडलेले पैसे अकाउंट पेयी चेकने दिले-घेतले नाहीत तर ते तुमचं उत्पन्न धरलं जाणार. माझ्या एका वरिष्ठांना हे कलम वाचून दाखवताना मी हसलो होतो, आणि ते का हसलास म्हणून रागावले होते. अहो, सरकारने सगळ्या हुंड्या शाहजोग करून टाकल्या, दुसरं काय!

मोडीवाला

@नानापेठी, रोखपाल काकांनी खोक्याचा विषय काढला म्हणून विचारतो. कागद तुमच्याच घरात, पैसे देणाऱ्याच्या घरात आहे. म्हणजे बहुधा वटलेला असणार. मागची बाजू पाहिलीत का? भरपाई, म्हणजे पैसे मिळाल्याची पोच, मागे लिहितात. तुम्ही फक्त पुढच्या बाजूचा मजकूर दिलाय.

नानापेठी

मागे काहीतरी आहे, पण शाई फुटलीय आणि पेन्सिलीचं गिरगटलेलं आहे. मित्राने 'हिशेब असावा' म्हणून सोडून दिलं. उद्या उजेडात फोटो काढून पाठवतो. आजीलाही सगळा धागा वाचून दाखवणार आहे. ती ९१ वर्षांची आहे, पणजोबा तिचे सासरे.

मोडीवाला

फोटो मला खाजगीत पाठवा. आणि कागद सेलोटेपने चिकटवू नका, हात जोडून सांगतो. प्लॅस्टिकच्या लॅमिनेशनला तर अजिबात देऊ नका. सुती कापडात गुंडाळून सपाट ठेवा. वह्या रद्दीत घालायच्या विचारात असाल तर आधी सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळात दाखवून या.

पॉपकॉर्न

पुढील भागाच्या प्रतीक्षेत. उगाच नाही धागा दोनशे वाचनांवर गेला.

नानापेठी, शुक्रवार रात्री ११:१५

उशीर झाला, माफी. घरातलं सामान हलवणं चालू आहे.

मोडीवाला साहेबांनी फोटो वाचून दिला. शाईने लिहिलंय: "रुपये ४०० चारशे भरून पावलो", खाली सही आणि "दुकान कापडगंज". म्हणजे पालताईंनी हवेत मारलेला कापडगंजाचा बाण बरोबर लागला. मुंबईत पैसे भरणाऱ्याचं नाव वेगळं आहे, हे वेगळं. म्हणजे रोखपाल काकांची मेहुण्याची गोष्ट झाली तशीच्या तशी, मध्ये एक कापडवाला शाह उभा राहिला.

पण खरी गंमत पेन्सिलीची आहे. ते हस्ताक्षर वह्यांमधल्यासारखंच, म्हणजे पणजोबांचं. तीन तुटक वाक्यं: "धनी गावास. मुलगा आला. ओळखतो, दिले."

निवृत्त रोखपाल

अरे अरे अरे. मुलाला दिले! मी माझ्या शाखेत असं केलं असतं तर खुलासा मागवला असता. शाह गावी गेलाय म्हटल्यावर थांबायचं ना चार दिवस.

वकीलीण

म्हणून तर लिहून ठेवलं. उद्या कापडवाला म्हणाला की मी घेतलेच नाहीत, तर कुणाला दिले ते कागदावर हवं. पण सही वडिलांची की मुलाची?

मोडीवाला

सहीत वडिलांचं नाव आहे, आणि त्याखाली बारीक अक्षरात "हस्ते" आणि दुसरं नाव. मुलाने दुकानातर्फे घेतले. 'हस्ते' आपण आजही पावतीवर लिहितोच की.

गुलटेकडी

मी पण दिले असते. दुकान उचलून नेणार होता का तो पोरगा? बाप परत आला की त्याच्या दारात बसायचं.

कोशातली पाल

आजी काय म्हणाल्या?

नानापेठी

सगळं ऐकून घेतलं. शाहचा, जोगचा अर्थ, साधुवाणी, सगळं. मान डोलवत होती. पेन्सिलीची ओळ वाचल्यावर मात्र ताडकन म्हणाली, "परक्याच्या पोराला चारशे रुपये? ओळखतो म्हणून? मला मेली भाजीला चार आणे देताना तीनदा मोजायचे, आणि परत आले की हिशेब!"

मग थोडा वेळ गप्प बसली, आणि म्हणाली, "दिसायला कसे अगदी शहाजोग होते हो."

कुठल्या अर्थाने ते मी विचारलं नाही.